शिवीची दिशा : रॅप, निषेध आणि कायदा

1 ऑगस्ट 1989 रोजी अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने 'प्रायॉरिटी रेकॉर्ड्स' या ध्वनिमुद्रिका कंपनीला एक पत्र पाठवले. कंपनीने काढलेल्या एका गाण्यामुळे पोलिसांवरील हिंसेला आणि त्यांच्या अवहेलनेला उत्तेजन मिळते, असे पत्रात म्हटले होते. आदल्या वर्षी कर्तव्य बजावताना 78 पोलीस मारले गेले, याचीही आठवण दिली होती. गाण्याचे नाव मात्र पत्रात कुठेच नव्हते, कारण ते नावच एका शिवीने सुरू होत होते. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन गावातील पाच-सहा कृष्णवर्णीय तरुणांच्या 'एन.डब्ल्यू.ए.' या गटाचे ते गाणे, 1988 च्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या अल्बममधले. त्यात पोलिसांना उघड शिवी घातलेली होती.

हे पत्र म्हणजे बंदीहुकूम नव्हता आणि त्यामागे खटलाही नव्हता. तरी देशाच्या सर्वोच्च तपास यंत्रणेने एका गाण्याची दखल घ्यावी, ही गोष्ट साधी नव्हती. गंमत अशी की त्याच अल्बममध्ये स्त्रियांविषयीही तितकीच, किंबहुना अधिक, घाणेरडी भाषा होती आणि तिच्याबद्दल पत्रात अवाक्षरही नव्हते. रॅपमधील शिव्यांविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा दोन टोकांवरून. एका बाजूला 'ही संस्कृतीची अधोगती आहे' असे म्हटले जाते, तर दुसऱ्या बाजूला 'हा शोषितांचा आवाज आहे, तो असाच असणार' असे. या दोन्ही उत्तरांतून एक प्रश्न निसटतो : शिवी कोण देतो आहे आणि ती कोणाला लागते आहे? या लेखात त्या प्रश्नाचा माग काढायचा आहे.

शिवीवाचून सुरुवात

रॅप आणि शिवी यांचे नाते जन्मजात नाही, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी डीजे कूल हर्क याने एका इमारतीच्या सभागृहात केलेली पार्टी ही हिप-हॉपची सुरुवात मानली जाते. तबकडीवरचा तालाचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवायचा आणि त्यावर कोणीतरी यमकात बोलायचे, असा तो प्रकार. त्यात मौज होती, फुशारकी होती, नाचणाऱ्यांना चेतवणे होते. 1982 मध्ये 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह' या गटाचे 'द मेसेज' आले आणि रॅपने सामाजिक वळण घेतले. पडकी घरे, काचांचा खच, बेकारी, तुरुंगात संपणारे पोराचे आयुष्य हे सारे त्यात होते. पुढच्या काळातील गाण्यांच्या तुलनेत त्याची भाषा अगदीच सोवळी होती, पण परिणाम काही सोवळा नव्हता. 1993 मध्ये केआरएस-वन याने पोलिसांवर जे गाणे केले त्याचा सारा भर एका श्लेषावर आहे. इंग्रजीत पोलीस अधिकाऱ्यासाठी असलेला शब्द आणि गुलामांच्या मळ्यावरील मुकादमासाठी असलेला शब्द भरभर उच्चारले की एकमेकांत मिसळतात. तेवढ्या एका ध्वनिसाम्यावर त्याने तीनशे वर्षांचा इतिहास उभा केला.

म्हणजे निषेधासाठी शिवी लागतेच असे नाही. मग एन.डब्ल्यू.ए.ला ती का लागली?

शिवीचे घर

आफ्रिकी-अमेरिकी समाजात शाब्दिक द्वंद्वाची जुनी परंपरा आहे. 'डझन्स' नावाच्या खेळात दोन पोरे समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या, विशेषतः एकमेकांच्या आईच्या, नावाने रचलेल्या टोमण्यांची फैर झाडतात. ज्याचा तोल सुटेल तो हरला. भोवतीचे लोक हसतात आणि दाद देतात. तुरुंगांत, गुत्त्यांवर आणि न्हाव्याच्या दुकानांत म्हटल्या जाणाऱ्या लांबलचक यमकबद्ध कथा हा आणखी एक प्रकार. त्यातही अपशब्दांची रेलचेल असे. वाच्यार्थाने घेतले तर हे सारे अश्लील आहे, पण खेळणाऱ्यांना ते खेळ म्हणून कळत असते. आपल्याकडे शिमग्याला बोंब मारताना दिलेली शिवी कोणी पोलीस ठाण्यात नेत नाही, तशातली ही गोष्ट.

हा खेळ निषेधाकडे वळला तो त्या काळच्या लॉस एंजेलिसमुळे. टोळीयुद्धे आणि क्रॅक कोकेन यांच्याविरुद्ध पोलिसांनी 'ऑपरेशन हॅमर' नावाची मोहीम काढली. एप्रिल 1988 मध्ये एकाच शनिवार-रविवारी हजाराहून अधिक लोकांना पकडले. त्यांतले बहुतेक पुढे आरोपाविना सुटले. काळ्या मुलाने चांगली गाडी चालवली तरी त्याला उतरवायचे, रस्त्यावर पालथे झोपवायचे आणि झडती घ्यायची, असा नित्यक्रम होता. या झडतीत पोलिसांच्या तोंडी जी भाषा असे तीच गाण्यात आली. गाण्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. ते न्यायालयाच्या कामकाजासारखे रचलेले आहे. गटातील एक जण न्यायाधीश होतो, बाकीचे साक्षीदार म्हणून एकेक करून साक्ष देतात आणि शेवटी पोलीस अधिकारी दोषी ठरतो. खऱ्या न्यायालयात जी तक्रार कोणी दाखलही करून घेतली नसती, तिची सुनावणी पाच-सहा मिनिटांच्या गाण्यात होते. त्यातली शिवी हा या खटल्याचा निकाल आहे.

मार्च 1991 मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलीस मारहाण करत असल्याचे चित्रण साऱ्या जगाने पाहिले. एप्रिल 1992 मध्ये एकाही पोलिसाला मारहाणीच्या गुन्ह्यात दोषी न धरता निकाल लागला आणि लॉस एंजेलिस पेटले. पन्नासहून अधिक माणसे मेली. तोवर ज्याला प्रक्षोभक अतिशयोक्ती म्हटले जात होते ते गाणे आता लोकांना वेगळे ऐकू येऊ लागले. पुढे 2017 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने हाच अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात जतन करण्यासाठी निवडल्याचे जाहीर केले. त्याच सरकारी व्यवस्थेच्या एका अंगाने अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच्याविरुद्ध पत्र लिहिले होते.

अश्लीलता वेगळी, शिवी वेगळी

येथे कायद्याने केलेला एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. शिवी ऐकायला अभद्र असते, पण कायद्याच्या अर्थाने ती 'अश्लील' असतेच असे नाही. अमेरिकेत 1973 च्या मिलर खटल्यापासून अश्लीलतेसाठी तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. कलाकृतीने कामवासनेला विकृत आवाहन केलेले असले पाहिजे, ती समाजाच्या प्रचलित मापाने उघड किळसवाणी असली पाहिजे आणि तिला गंभीर असे साहित्यिक, कलात्मक, राजकीय वा वैज्ञानिक मूल्य नसले पाहिजे. पोलिसांना दिलेली शिवी यांपैकी पहिल्याच अटीत बसत नाही.

त्याआधी 1971 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कोहेन खटल्यात याचा पाया घातला होता. सक्तीच्या लष्करभरतीला शिवी घालणारे शब्द जाकिटावर लिहून एक तरुण लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या इमारतीत फिरला आणि त्याला तीस दिवसांची शिक्षा झाली. पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती रद्द झाली. न्यायमूर्ती हार्लन यांच्या विवेचनाचा गाभा असा : शब्द विचाराइतकाच भावनेचाही वाहक असतो. तीच गोष्ट सभ्य शब्दांत सांगता आली असती, हे म्हणणे फसवे आहे, कारण मग संतापाचे माप कमी होते. आणि सरकारला शब्द वगळण्याची मुभा दिली, तर त्या निमित्ताने नको असलेला विचारही वगळला जाईल.

म्हणूनच एन.डब्ल्यू.ए.विरुद्ध खटला उभा राहिला नाही, फक्त पत्र आले. खटला उभा राहिला तो फ्लोरिडाच्या '2 लाइव्ह क्रू' या गटाविरुद्ध. त्यांचा 1989 चा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लैंगिक वर्णनांनी भरलेला होता. जून 1990 मध्ये तेथील केंद्रीय न्यायाधीशांनी तो अश्लील ठरवला. लगेचच तो विकणाऱ्या एका दुकानदाराला अटक झाली आणि काही दिवसांत केवळ प्रौढांसाठीच्या कार्यक्रमात ती गाणी म्हटल्याबद्दल गटातील कलाकारांनाही. कलाकारांच्या खटल्यात साहित्याचे अभ्यासक हेन्री लुई गेट्स यांनी साक्ष दिली. ही भाषा डझन्स आणि तत्सम मौखिक परंपरेतील अतिशयोक्ती आहे, ती वाच्यार्थाने घ्यायची नसते, हा त्यांचा मुद्दा. ज्यूरीने कलाकारांना निर्दोष सोडले. दुकानदार मात्र वेगळ्या खटल्यात दोषी ठरला. 1992 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने अल्बमवरील अश्लीलतेचा शिक्काही पुसला.

शिव्यांचा बाजार

न्यायालयाबाहेर बाजार आपल्या रीतीने काम करत होता. 1985 मध्ये टिपर गोर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी गाण्यांतील लैंगिक आणि हिंसक मजकुराविरुद्ध मोहीम काढली. सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि ध्वनिमुद्रिका उद्योगाने आवरणावर पालकांसाठी सूचना छापण्याचे मान्य केले. काळ्या-पांढऱ्या रंगाची ती परिचित पट्टी 1990 पासून रूढ झाली. वॉलमार्टसारख्या दुकानसाखळीने अशी पट्टी असलेले अल्बम ठेवायला नकार दिला, म्हणून कंपन्या प्रत्येक अल्बमच्या दोन आवृत्त्या काढू लागल्या : एक मूळ आणि एक 'स्वच्छ'.

या पट्टीचा उलटाच परिणाम झाला. शाळकरी मुलांना ती जाहिरातीसारखी वाटू लागली. 1991 मध्ये एन.डब्ल्यू.ए.चा पुढचा अल्बम रेडिओच्या फारशा मदतीवाचून बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. रॅप विकत घेणाऱ्यांत गोऱ्या उपनगरांतील मुलेही मोठ्या संख्येने होती. कॉम्प्टनमधील झडतीचा अनुभव त्यांना नव्हता, शिवीचा थरार मात्र हवा होता. शिवीला बाजारभाव आला की ती राग नसतानाही दिली जाते. नव्वदच्या दशकातील पुष्कळशा 'गँगस्टा' रॅपमध्ये हेच झाले. पोलीस, घरमालक, न्यायाधीश हे विषय मागे पडले. राहिल्या पैसा, बंदूक आणि बाई यांच्याविषयीच्या फुशारक्या.

खाली पडणारी शिवी

आता सुरुवातीला उल्लेखिलेल्या मौनाकडे वळू. एन.डब्ल्यू.ए.च्या गाण्यांत पोलिसांइतकेच लक्ष्य काळ्या स्त्रिया होत्या. ही केवळ गाण्यातील भाषा होती असेही म्हणता येत नाही. जानेवारी 1991 मध्ये गटातील डॉ. ड्रे याने डी बार्न्स या दूरचित्रवाणी निवेदिकेला एका पार्टीत मारहाण केली. त्याने न्यायालयात आरोपाला आव्हान दिले नाही. त्याला दंड आणि समाजसेवेची शिक्षा झाली. पोलिसांच्या अत्याचाराची साक्ष देणारा माणूस स्वतः अत्याचारी असू शकतो, ही अडचण टाळून रॅपचा गौरव करता येणार नाही.

या भाषेला विरोध केवळ गोऱ्या सनातन्यांनी केला असे समजणे चूक आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत नागरी हक्कांच्या मोर्चांत चाललेल्या सी. डेलोरेस टकर यांनी नव्वदच्या दशकात कंपन्यांच्या भागधारकांच्या सभेत जाऊन, या गाण्यांतल्या ओळी वाचून दाखवा, असे आव्हान दिले. आपल्याच मुलींचा अपमान विकून कंपन्या पैसा कमावतात, हा त्यांचा आक्षेप होता.

सर्वांत नेमकी मांडणी केली ती कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी. वंश आणि लिंग यांच्या छेदनबिंदूवर उभ्या असलेल्या स्त्रीचा विचार दोन्ही चळवळींत कसा सुटतो, हे सांगणारी संकल्पना त्यांचीच. 1991 मध्ये '2 लाइव्ह क्रू'च्या खटल्याविषयी लिहिताना त्यांनी दोन गोष्टी एकत्र धरल्या. खटला वर्णभेदी होता, कारण तशीच किंवा त्याहून उघड सामग्री गोऱ्यांनी विकली तर चालत होती. पण म्हणून ती गाणी निरुपद्रवी ठरत नाहीत. परंपरेतला विनोद म्हणून सोडून द्या, असे सांगताना त्या विनोदाची किंमत कोण मोजते, हे विचारायला हवे. सरकारने काळ्या पुरुषांना पकडले ते काळ्या स्त्रियांच्या रक्षणासाठी नव्हे, आणि समर्थकांनी काळ्या पुरुषांचा बचाव केला तेव्हाही काळी स्त्री त्यांच्या हिशेबात नव्हती.

रॅपच्या आतूनही उत्तर आले. 1993 मध्ये क्वीन लतीफा हिने 'युनिटी' या गाण्यात स्त्रीसाठी सर्रास वापरली जाणारी शिवी मुद्दाम उच्चारली आणि ती देणाऱ्याला जाब विचारला. तोच शब्द, पण दिशा फिरलेली. पुढे त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे

ही चर्चा महाराष्ट्राला परकी नाही. अमेरिकेत 1966 मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचे एक संस्थापक नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' त्याच सुमाराचा. कामाठीपुऱ्याची भाषा शिव्यांसकट कवितेत आल्यामुळे मराठी वाचक हादरला. त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसलेल्या पांढरपेशा वाचकासाठी विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. तिकडे रॅपमधील सर्वांत गाजलेल्या नावांपैकी एक, टुपाक शकूर, याची आई अफेनी शकूर ही न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथरची कार्यकर्ती. मोठ्या खटल्यातून मे 1971 मध्ये ती निर्दोष सुटली आणि पुढच्याच महिन्यात टुपाक जन्मला. एकाच झाडाच्या या दोन फांद्या परस्परांना कधी भेटल्या नाहीत, पण रस्त्यावरची भाषा साहित्यात आणण्याचा त्यांचा हट्ट सारखा आहे.

मराठीत रॅप रुजले ते अलीकडे. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपरांवर राजकीय गाण्यांबद्दल पोलिसांत गुन्हे दाखल झाले. त्यांत जाणीवपूर्वक अपमान करणे आणि समाजगटांत तेढ वाढवणे यांची कलमे होती. खाडे यांच्या गाण्याच्या शीर्षकात 'भोंगळी' हा शब्द होता, जनतेच्या अवस्थेसाठी वापरलेला. शहरी कानाला तो असभ्य वाटेल. मराठवाडा-विदर्भात 'उघडीनागडी' या अर्थाने तो घरात, शेतात, बाजारात सहज बोलला जातो. येथेही शब्दापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची ठरली. लग्नाच्या वरातीत कर्ण्यावर वाजणारी, बाईच्या अंगावर घसरणारी गाणी आपण रोज ऐकतो. तक्रार क्वचितच होते. सत्तेवर बोट ठेवणाऱ्या गाण्याची मात्र दखल तत्परतेने घेतली जाते.

कायद्याची स्थिती पाहिली तर जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 294 नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल असे अश्लील गीत किंवा पोवाडा गाणे हा गुन्हा होता. नव्या न्यायसंहितेत तो कलम 296 मध्ये आहे. मात्र मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेबमालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले की शिव्या आणि असभ्य भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. रागाच्या भरात दिलेल्या शिवीचा शब्दशः अर्थ घेऊन तिला कामोत्तेजक ठरवता येत नाही.

शिवीची दिशा ओळखणारा एक कायदा आपल्याकडे आधीपासून आहे. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ करणे हा गुन्हा मानतो. बोलणारा त्या समाजाबाहेरचा असेल, तेव्हाच हे कलम लागते. शब्द तोच असला तरी कोणी कोणाला उच्चारला यावर त्याचे वजन ठरते, हे तत्त्व येथे संसदेने मान्य केले आहे. एन.डब्ल्यू.ए.ने आपल्या नावातच काळ्यांना हिणवणारा शब्द घेतला होता. तो त्यांनी स्वतःविषयी वापरणे आणि पोलिसाने झडती घेताना वापरणे यांतला फरक समजायला अमेरिकेला बराच काळ लागला. आपल्याला तो समजायला हवा, कारण आपला कायदा त्याच पायावर उभा आहे.

आपली खरी अडचण वेगळी आहे. मराठी-हिंदीतील बहुसंख्य शिव्या आई, बहीण आणि बाईच्या शरीराभोवती फिरतात, आणि ज्या उरतात त्यांतल्या कित्येक एखाद्या जातीच्या, अपंगत्वाच्या किंवा तृतीयपंथीयांच्या नावाने आहेत. त्यामुळे पुढाऱ्याला किंवा पोलिसाला शिवी घालणाऱ्या रॅपरच्या तोंडून बहुधा कोणाच्या तरी आईचा अपमान होतो, आणि तिचा या व्यवहाराशी काहीही संबंध नसतो. बाण वर सोडायचा आणि तो खाली उभ्या असलेल्या माणसाला लागायचा, अशी ही भाषेची घडण आहे. नव्या रॅपरांपुढचे हे अवघड काम आहे. त्यांच्या रागाला साजेशी, पण जिच्यात दुसऱ्या पीडिताचा बळी जात नाही अशी भाषा त्यांना घडवावी लागेल. 'भोंगळी' हा शब्द कोणाच्याही आईला न लागता सत्ताधाऱ्याला लागू शकला, हे या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऐकणाऱ्याच्या हाती यातून एक साधी कसोटी येते. शिवी ऐकू आली की आधी ती बाजूला ठेवून पाहावी. तिच्यामागे काही तक्रार, एखादी घटना, एखादा आरोप उरतो का? उरत असेल, तर त्या तक्रारीचे उत्तर देणे हे सभ्यतेच्या चर्चेआधीचे काम आहे. काहीच उरत नसेल, तर ती केवळ विक्रीची वस्तू आहे. मग ती शिवी पुन्हा जागेवर ठेवून पाहावे की ती कोणाच्या अंगावर पडते. 1989 च्या त्या पत्राने यातले काहीच केले नाही. त्याने गाण्यातील साक्ष ऐकली नाही आणि गाण्यातील स्त्रियांचीही बाजू घेतली नाही. फक्त पोलिसांचा मान राखला. आपल्या पोलीस ठाण्यांत, न्यायालयांत आणि दिवाणखान्यांतही रॅपविषयी बोलणे बहुतेक वेळा तेवढ्यावरच संपते. 2018 मध्ये केंड्रिक लामार या कॉम्प्टनच्याच रॅपरला पुलित्झर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्या अल्बमच्या आवरणावर पालकांसाठीची ती काळी-पांढरी पट्टी होतीच. निवड समितीने पट्टी पाहिली असणार, आणि तरीही अल्बम शेवटपर्यंत ऐकला.